नोड वाढवले तरी जॉब वेग घेत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

एकत्र जोडलेल्या मशीनच्या समूहातलं (क्लस्टरमधलं) एक मशीन म्हणजे नोड, त्याच्या प्रोसेसरमधलं गणना करणारं एकेक एकक म्हणजे कोअर आणि त्यांवर चालवायला दिलेलं काम म्हणजे जॉब. ८ कोअरवर जॉब छान पळतो, १६ वर जेमतेम फरक पडतो आणि ३२ वर उलट रेंगाळतो. हे सगळ्यात जास्त वेळा दिसणारं रूप. बाकीची रूपं अशी:

- टॉप या कमांडमध्ये सगळे कोअर १०० टक्क्यांवर दिसतात, पण लॉगमधले टाइमस्टेप (गणनेचे काळाचे टप्पे) मुंगीच्या पावलांनी सरकतात.
- याच्या बरोबर उलट: एकच कोअर राबतोय, बाकीचे हातावर हात ठेवून बसलेत.
- सुरुवातीचा अर्धा तास वेग उत्तम, मग एकाएकी निम्म्याखाली येतो आणि तिथेच राहतो.
- कोड तोच, इनपुट तोच, तरी दोन दिवसांच्या वेळांत दुपटीचा फरक.
- हजारातले बहुतेक टास्क पटापट संपतात, शेवटचे चार-दोन अख्ख्या जॉबला ताटकळत ठेवतात.
- जॉब अधूनमधून मरतो आणि लॉगमध्ये नुसतं 'किल्ड' किंवा 'बस एरर' एवढंच सापडतं.

कोड ग्रोमॅक्स, लॅम्प्स, ओपनफोम, डब्ल्यूआरएफ यांच्यासारखा एमपीआयवरचा (प्रोसेसना एकमेकांना संदेश पाठवू देणाऱ्या व्यवस्थेवरचा) असो, नाहीतर पायथनमधलं डास्क, रे किंवा साधं मल्टिप्रोसेसिंग असो, तक्रार घेऊन येणाऱ्याचा पहिला संशय नेटवर्कवर असतो. माझा अनुभव वेगळा आहे. बिघाड बहुतेक वेळा एकाच नोडच्या आत असतो आणि एक-दोन ओळी बदलून जातो. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात आणि नेटवर्क पार शेवटाकडे येतं. हा क्रम मोडून थेट वेगवान नेटवर्कचं महागडं मशीन घेऊ नका. आतला बिघाड तसाच राहतो, बिल तेवढं वाढतं.

आधी मोजा

मोजमाप नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. खऱ्या कामातून पाच-दहा मिनिटांत संपेल असा एक छोटा नमुना काढा. फार छोटाही नको, नाहीतर सुरू होण्यातच सगळा वेळ जाईल. तोच नमुना एकाच नोडवर १, २, ४, ८, १६ असे कोअर देऊन चालवा आणि वेळ लिहून ठेवा. प्रत्येक माप निदान तीनदा घ्या, कारण क्लाउडवर एकाच मापावर विसंबता येत नाही.

समजा १ कोअरवर ६४० सेकंद लागले, ८ वर ९६, १६ वर ७० आणि ३२ वर ७४. वेळ बघितली तर १६ कोअर बरे वाटतात. आता वेळेला कोअरच्या संख्येने गुणा: ६४०, ७६८, ११२० आणि २३६८ कोअर-सेकंद. क्लाउडवर पैसे या दुसऱ्या आकड्याचे जातात. ३२ कोअरवर तुम्ही १६ पेक्षा हळू काम करून घेताय आणि त्यासाठी दुपटीहून जास्त मोजताय. या उदाहरणात ८ कोअर हाच शहाणा मुक्काम. असे चार वेगवेगळे नमुने चालवायचे असतील तर एकामागून एक ३२ कोअरवर चालवण्यापेक्षा चारही एकाच वेळी ८-८ कोअरवर सोडा. मेमरीची वाट मोकळी असेल तर एकूण काम कितीतरी लवकर उरकतं.

याच आकड्यांवरून मूळ मर्यादा कुठे आहे तेही कळतं. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम सांगतो की कामाचा जो भाग समांतर होऊ शकत नाही, तोच शेवटी वेगाची कमाल मर्यादा ठरवतो. ५ टक्के भाग क्रमाने चालणारा असेल तर ६४ कोअरवर साधारण १५ पट वेग मिळेल, १२८ वर १७ पट, आणि कितीही कोअर ओतले तरी २० पटीच्या पुढे जाणार नाही. तुमच्या मापांचा आलेख या नियमाच्या रेषेच्या जवळपास असेल तर मशीनमध्ये बिघाड नाहीच. इनपुट वाचणं, ग्रिड तयार करणं, शेवटी निकाल एकत्र करणं यांतलं काय एकाच प्रोसेसवर अडकलंय ते कोडमध्ये शोधा. आलेख त्या रेषेच्या बराच खाली असेल, किंवा एका ठरावीक आकड्यावर कोसळत असेल, तर पुढे वाचा.

तुमच्याकडे खरे कोअर किती आहेत?

क्लाउडच्या दरपत्रकात व्हीसीपीयू लिहिलेले असतात. इंटेल आणि एएमडीच्या बहुतेक मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे कोअरचा एक हायपरथ्रेड (एकाच कोअरवर चालणाऱ्या दोन वाटांपैकी एक), म्हणजे ३२ व्हीसीपीयूमागे खरे कोअर १६. एडब्ल्यूएसच्या ग्रॅव्हिटॉनवर मात्र प्रत्येक व्हीसीपीयू हा अख्खा कोअर असतो. एलएससीपीयू ही कमांड चालवा आणि 'थ्रेड्स पर कोअर' ही ओळ वाचा. तिथे २ असेल तर दशांश गणिताने भरलेल्या कोडला व्हीसीपीयूच्या निम्मेच रँक (एमपीआयच्या एकेक प्रोसेस) द्या आणि वेळ पुन्हा मोजा. दोन हायपरथ्रेड एकाच कोअरची गणिती एककं वाटून घेतात, त्यामुळे अशा कोडला दुसऱ्या थ्रेडचा फायदा थोडा होतो किंवा होतच नाही. वर दिलेल्या उदाहरणात १६ नंतर आलेख मोडतो, तसा अगदी निम्म्यावर मोडणारा आलेख दिसला की माझा पहिला संशय इथेच असतो.

कंटेनरमध्ये चालवत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. कंटेनरला ४ सीपीयूचा कोटा दिलेला असतो, पण पायथनमधलं सीपीयू-काउंट खालच्या ६४ कोअरच्या यजमान मशीनचा आकडा देतं आणि कोड बिनदिक्कत ६४ थ्रेड (एका प्रोसेसच्या आत समांतर चालणारे धागे) उभे करतो. लिनक्सचा कोटा डीफॉल्टने १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजला जातो. ४ सीपीयू म्हणजे दर खिडकीला ४०० मिलिसेकंद सीपीयू-वेळ. ६४ थ्रेड एकदम धावले की हा वाटा जेमतेम ६ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ९४ मिलिसेकंद सगळे थ्रेड गोठून राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कोड धक्के खात चाललाय. सीग्रुपच्या (लिनक्सच्या कोटा लावणाऱ्या यंत्रणेच्या) सीपीयू-स्टॅट फाइलमधला 'थ्रॉटल्ड'चा आकडा जॉब चालू असताना वाढत असेल तर निदान पक्कं झालं. थ्रेडची संख्या कोट्याइतकी हाताने ठरवून द्या.

थ्रेडवर थ्रेड

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा, कारण पायथनवाल्यांच्या तक्रारींत एवढ्या वेळा सापडणारं दुसरं कारण मला माहीत नाही.

नमपाय आणि सायपाय आतून ओपनब्लास किंवा एमकेएल या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्रऱ्या वापरतात. या लायब्रऱ्या स्वतःच थ्रेड उभे करतात, आणि सांगितलं नाही तर मशीनवर जितके कोअर दिसतात तितके. वर तुम्ही मल्टिप्रोसेसिंगने ३२ प्रोसेस काढल्या. प्रत्येक प्रोसेसने मॅट्रिक्सचा गुणाकार सुरू करताच ३२ थ्रेड काढले, म्हणजे ३२ कोअरवर १०२४ थ्रेड भांडायला लागले. टॉपमध्ये सगळं १०० टक्के दिसतं, कारण मशीन खरंच दमतंय, पण त्यातला मोठा हिस्सा एका थ्रेडला उठवून दुसऱ्याला बसवण्यात आणि एकमेकांची वाट बघत गरगर फिरण्यात जातो.

ओळखायचं असं: व्हीएमस्टॅट ही कमांड लावा आणि 'आर' या पहिल्या स्तंभाकडे बघा. चालायला तयार असलेल्या थ्रेडची ती रांग असते. हा आकडा सतत कोअरच्या कित्येक पट राहत असेल तर हेच झालंय. उपाय म्हणून ओएमपी-नम-थ्रेड्स, ओपनब्लास-नम-थ्रेड्स आणि एमकेएल-नम-थ्रेड्स हे तीनही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ वर ठेवा. ते नमपाय इम्पोर्ट होण्याआधी ठरलेले असले पाहिजेत. स्क्रिप्टच्या मध्यात बदलले तर लायब्ररी तोवर थ्रेड काढून मोकळी झालेली असते आणि बदलाचा काही परिणाम होत नाही. म्हणून ते जॉब स्क्रिप्टमध्ये, पायथन सुरू होण्याच्या आधीच्या ओळीत टाका.

एमपीआय आणि ओपनएमपी (थ्रेडची व्यवस्था) दोन्ही वापरणाऱ्या कोडलाही हाच हिशेब लागू होतो: नोडवरचे रँक गुणिले प्रत्येक रँकचे थ्रेड बरोबर खरे कोअर. १६ कोअरवर ४ रँक आणि ४ थ्रेड, किंवा २ आणि ८. कोणती जोडी बरी, ते मोजूनच ठरतं.

स्लर्म हा जॉब-शेड्युलर वापरणाऱ्यांनी आवृत्तीही बघून घ्यावी. २२.०५ पासून एसबॅचला (जॉब सोपवणाऱ्या कमांडला) दिलेलं सीपीयूज-पर-टास्क एसरनकडे (आतले टास्क सुरू करणाऱ्या कमांडकडे) आपोआप जात नाही. जुनी स्क्रिप्ट तशीच चालते, कुठलीही चूक दाखवत नाही, पण प्रत्येक टास्कला एकच सीपीयू मिळतो आणि सगळे थ्रेड त्यावर गर्दी करतात. क्लस्टर अद्ययावत झाल्यावर जॉब अचानक कित्येक पट हळू झाला, अशी तक्रार आली की मी हीच ओळ आधी बघतो. एसरनला तो पर्याय पुन्हा स्पष्ट द्या, किंवा एसरन-सीपीयूज-पर-टास्क हा व्हेरिएबल ठरवा.

कोण कुठे बसलंय?

एकच कोअर राबतोय आणि बाकीचे रिकामे, या लक्षणाचं उत्तर बहुधा बाइंडिंगमध्ये (प्रोसेस ठरावीक कोअरला बांधण्यात) असतं. ओपन एमपीआय आपल्या रँक ठरावीक कोअरना बांधतं. एका नोडवर दोन वेगळे एमपीआयरन (एमपीआय जॉब सुरू करणारी कमांड) सुरू केले तर त्यांना एकमेकांची खबर नसते. दोन्हीही शून्य क्रमांकाच्या कोअरपासून मोजायला लागतात आणि एकमेकांच्या डोक्यावर जाऊन बसतात. अर्धं मशीन मोकळं आणि दोन्ही जॉब निम्म्या वेगाने, असं चित्र दिसतं.

एमपीआयरनला रिपोर्ट-बाइंडिंग्ज हा पर्याय लावा. कोणती रँक कोणत्या कोअरवर आहे ते सुरुवातीलाच छापून येतं. चालू असलेल्या प्रोसेससाठी टास्कसेट वापरा. दोन जॉब एकाच नोडवर हवेच असतील तर प्रत्येकाला कोअरचा वेगळा संच नेमून द्या, किंवा ते काम शेड्युलरवर सोपवा.

अर्ध्या तासाने मंदावणारा जॉब

इथे कोडकडे बघूच नका, मशीनचा प्रकार बघा. एडब्ल्यूएसच्या टी मालिकेतल्या मशीनना क्रेडिटवर वेग मिळतो. टी३-लार्जचा पायाभूत वेग प्रत्येक व्हीसीपीयूला ३० टक्के आहे. टी२ मध्ये क्रेडिट संपलं की वेग खाली येतो. टी३ डीफॉल्टने 'अनलिमिटेड' असते, तिथे वेग टिकतो पण जादा आकार लागतो. तासन्‌तास चालणाऱ्या गणनेसाठी दोन्ही चुकीचीच.

डिस्कचंही असंच. जीपी२ प्रकारच्या डिस्कला दर गिगाबाइटला ३ आयऑप्स (सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) मिळतात, म्हणजे १०० गिगाबाइटला ३००, पण क्रेडिट शिल्लक असेपर्यंत ती ३००० ने धावते. पूर्ण जोर लावला तर हे क्रेडिट साधारण ३३ मिनिटांत संपतं. मग एकदम दहावा हिस्सा उरतो. जीपी३ ला ३००० आयऑप्स कायमचे मिळतात, त्यामुळे नुसता प्रकार बदलला तरी प्रश्न सुटतो.

टॉपमधला 'एसटी' म्हणजे स्टीलचा आकडा सतत काही टक्के दिसत असेल तर हायपरव्हायझर (एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) तुमची वेळ दुसरीकडे देतोय. आपल्या हातात एवढंच, की ते मशीन सोडून नवं घ्यायचं किंवा प्रकार बदलायचा. 'आज असं, उद्या तसं' या तक्रारीचं हे एक कारण. दुसरं असं, की दोन दिवशी मिळालेली मशीन वेगळ्या पिढीच्या प्रोसेसरची असतात. प्रत्येक जॉबच्या लॉगच्या पहिल्या ओळीत प्रोसेसरचं मॉडेल छापायची सवय लावा, हा गोंधळ उभाच राहत नाही.

मेमरी: आधी प्रमाण, मग रुंदी

'किल्ड' किंवा एक्झिट कोड १३७ दिसला तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'आउट ऑफ मेमरी' शोधा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा मारून टाकणारा सिग्नल. रँक वाढवल्या की प्रत्येक रँक आपापली लुकअप टेबलं आणि बफर घेऊन येते, त्यामुळे ८ रँकना पुरलेली मेमरी ३२ ना पुरेलच असं नाही. स्वॅप (मेमरी कमी पडली की डिस्क वापरणं) चालू असेल तर जॉब मरत नाही, नुसता खुरडत राहतो, आणि ते जास्त वाईट, कारण ताशी दर चालूच असतो.

'बस एरर' मात्र बहुधा वेगळीच गोष्ट सांगते. डॉकर कंटेनरला सामायिक मेमरीची जागा डीफॉल्टने फक्त ६४ मेगाबाइट देतं. एकाच नोडवरच्या एमपीआय रँक आणि पायथनच्या वर्कर प्रोसेस याच जागेतून डेटा देवाणघेवाण करतात. कंटेनर सुरू करताना एसएचएम-साइझ वाढवून द्या, काम झालं.

रुंदीचा प्रश्न खोल आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. नोडवर मेमरी भरपूर असली तरी ती प्रोसेसरपर्यंत आणणारा रस्ता सगळ्या कोअरमध्ये सामायिक असतो. द्रवगतिकी, हवामान, विरळ मॅट्रिक्स सोडवणारे कोड प्रत्येक आकड्यावर थोडंसंच गणित करतात आणि लगेच पुढचा आकडा मागतात. त्यांच्याबाबतीत निम्मे कोअर वापरले तरी रस्ता तुडुंब भरतो आणि उरलेले कोअर नुसते रांगेत थांबतात. परीक्षा सोपी: नोडवर निम्म्या रँक सगळीकडे पसरवून चालवा. वेळ जवळजवळ तेवढीच आली तर तुमचा कोड मेमरीच्या रुंदीत अडकलाय. जॉन मॅकॅल्पिन यांची स्ट्रीम ही चाचणी त्या मशीनवर चालवून रस्त्याची खरी रुंदी मोजता येते. अशा कोडसाठी जास्त कोअरचं मशीन घेऊन उपयोग नाही, दर कोअरमागे जास्त मेमरी-बँडविड्थ देणारं घ्या.

दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर-चिपच्या) नोडवर आणखी एक खोच आहे. लिनक्स मेमरीचं पान (मेमरीचा छोटा ठरावीक तुकडा) कुठे ठेवायचं ते त्या पानाला पहिल्यांदा स्पर्श करणाऱ्या थ्रेडवरून ठरवतं. कोडने मोठा ॲरे सुरुवातीला एकाच थ्रेडने शून्यांनी भरला, तर सगळी पानं त्या थ्रेडच्या सॉकेटला चिकटतात. नंतर गणना सगळ्या थ्रेडवर पसरली तरी दुसऱ्या सॉकेटच्या प्रत्येक कोअरला पलीकडे जाऊन डेटा आणावा लागतो. ॲरे भरण्याचा लूपही त्याच वाटणीने समांतर करा. कोड बदलता येत नसेल तर प्रत्येक सॉकेटला किमान एक रँक देऊन ती तिथेच बांधा.

वाचणं-लिहिणं

परीक्षा एका वाक्यात: आउटपुट पूर्ण बंद करून नमुना चालवा. वेळ धाडकन खाली आली तर गणनेला हात लावू नका.

प्रत्येक रँकने प्रत्येक टाइमस्टेपला आपली छोटी फाइल लिहायची, ही रचना ८ रँकना चालते, ५१२ ना नाही. सामायिक फाइलसिस्टमला बाइट लिहिण्यापेक्षा फाइल उघडणं-मिटणं जास्त जड जातं. एचडीएफ५ किंवा ॲडिऑससारख्या लायब्ररीने थोड्या मोठ्या फाइलींत लिहा आणि दर टाइमस्टेपऐवजी ठरावीक अंतराने लिहा. ऑब्जेक्ट स्टोरेजवरून वाचताना प्रत्येक मागणीला काही दहा मिलिसेकंद सहज लागतात, म्हणून किलोबाइटच्या लाखो वस्तू हा कायम चुकीचा आकार. एस३ या एडब्ल्यूएसच्या ऑब्जेक्ट स्टोरेजची क्षमता दर प्रीफिक्सला (वस्तूंच्या नावाच्या सुरुवातीच्या सामायिक भागाला) सेकंदाला ५५०० वाचनं आणि ३५०० लेखनं एवढी आहे. हजारो वर्कर एकाच प्रीफिक्सवर तुटून पडले तर 'स्लो डाउन' असं उत्तर येतं. जॉबच्या सुरुवातीला डेटा नोडच्या स्थानिक एनव्हीएमई डिस्कवर उतरवा आणि तिथूनच वाचा.

पायथनचा जॉब शेकडो प्रोसेसवर सुरू व्हायलाच काही मिनिटं लागत असतील, तर सगळ्या प्रोसेस एकाच वेळी एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइलसिस्टमवरून हजारो छोट्या मॉड्यूल-फाइली इम्पोर्ट करत असतात. एन्व्हायर्नमेंट कंटेनर इमेजमध्ये बांधा किंवा नोडवर कॉपी करा.

रेंगाळणारे शेवटचे टास्क

टास्क फार बारीक असले तर शेड्युलरच दमतो. डास्कमध्ये एका टास्कमागे साधारण एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर खर्च असतो. १० मिलिसेकंदांचे लाखो टास्क केले तर खर्चच डोळ्यांत भरतो. ॲरेचे तुकडे १०० मेगाबाइटच्या आसपास ठेवले की बहुतेक ठिकाणी जमतं. उलट टास्क फार जाड असले, किंवा एखादाच भलताच मोठा असला, तर सगळा क्लस्टर त्या एकासाठी जागा राहतो. कामांचे अंदाजे आकार आधी कळत असतील तर मोठी कामं आधी सोडा. फुकटचा उपाय आहे आणि परिणाम लगेच दिसतो.

शुद्ध पायथनचे लूप थ्रेडवर पसरवले असतील तर नेहमीच्या सीपायथनमध्ये जीआयएल या अंतर्गत कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथन चालवतो. तिथे प्रोसेस वापरा, नाहीतर लूप नंबा किंवा सायथन या कोड कंपाइल करणाऱ्या साधनांत न्या.

आता नेटवर्क

एक नोड नीट चालतोय हे आकड्यांनी सिद्ध झालं, तरच इथे या.

दोन नोडवर ओहायो स्टेटच्या ओएसयू चाचण्यांपैकी लेटन्सीची (संदेश पोचायला लागणाऱ्या वेळेची) चाचणी चालवा. छोट्या संदेशाला इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कवर १ ते २ मायक्रोसेकंद लागतात, क्लाउडमधल्या साध्या टीसीपीवर काही दहा. इन्फिनिबँडचे पैसे भरून दुसरा आकडा येत असेल तर एमपीआय मुकाट्याने टीसीपीवर घसरलंय. बहुधा कंटेनरमध्ये वेगवान नेटवर्कची लायब्ररी नसते किंवा एमपीआय तिच्याशिवाय बांधलेलं असतं. एमपीआय सुरुवातीलाच लटकत असेल तर दोन गोष्टी बघा: नोडमधल्या सगळ्या पोर्टना फायरवॉलमध्ये परवानगी आहे का, आणि एमपीआय चुकून डॉकरच्या ब्रिज इंटरफेसवरून बोलायला बघतंय का. इंटरफेसचं नाव स्पष्ट दिलं की दुसरा प्रश्न मिटतो. सगळे नोड एकाच झोनमध्ये आणि एकाच प्लेसमेंट ग्रुपमध्ये (मशीन जवळजवळ ठेवणाऱ्या गटात) घ्या.

नेटवर्क ठीक असूनही वेग पडत असेल तर वाटणीचा आकार बघा. घनाकृती ग्रिडमध्ये प्रत्येक रँकला १०० गुणिले १०० गुणिले १०० पेशी दिल्या तर आतल्या पेशी १० लाख आणि शेजाऱ्यांशी देवाणघेवाण होणाऱ्या पृष्ठभागावरच्या ६० हजार, म्हणजे ६ टक्के. तेच काम जास्त रँकमध्ये वाटून बाजू २० वर आणली तर आतल्या ८ हजार आणि पृष्ठभागावरच्या २४००, म्हणजे ३० टक्के. गणना घटली, बोलणं तेवढं घटलं नाही. यावर कोणतंही मशीन औषध नाही, रँकच कमी करा.

प्रोफाइल वाचताना एक काळजी घ्या. एमपीआयपी किंवा स्कोअर-पी या प्रोफाइल काढणाऱ्या साधनांत ऑलरिड्यूस किंवा बॅरियरवर (सगळ्या रँकना एकत्र यावं लागतं अशा टप्प्यांवर) ४० टक्के वेळ दिसला की लोक नेटवर्कला दोष देतात. बऱ्याचदा तो वेळ पाठवण्यात गेलेला नसतो, सगळ्यात हळू रँकची वाट बघण्यात गेलेला असतो. प्रत्येक रँकचा गणनेचा वेळ वेगळा काढा. त्यांत मोठी तफावत असेल तर कामाची वाटणी सुधारा.

शेकडो नोडवर गेलात तर ऑपरेटिंग सिस्टमची बारीकसारीक कामंही जाणवतात. लॉस अलामॉसमध्ये एएससीआय क्यू या महासंगणकावर २००३ मध्ये हेच उघड झालं होतं. तिथल्या नोडवर चार प्रोसेसर होते आणि मोठ्या जॉबना चारऐवजी तीनच वापरल्यावर जास्त वेग मिळत होता, कारण चौथा प्रोसेसर पार्श्वभूमीतली कामं उचलत होता. नोडमागे एक कोअर मोकळा सोडून बघायला काहीच खर्च येत नाही.

स्वस्त मशीन आणि चेकपॉइंट

स्पॉट मशीन (स्वस्तात मिळणारं, पण पुरवठादार कधीही परत घेऊ शकतो असं) परत घेण्याआधी एडब्ल्यूएस २ मिनिटांची सूचना देतं, अझूर आणि गुगल क्लाउडवर ती साधारण ३० सेकंदांची असते. तेवढ्यात मोठा चेकपॉइंट (पुन्हा तिथूनच सुरू करता यावं म्हणून साठवलेली जॉबची स्थिती) लिहून होत नाही, म्हणून तो आधीच नियमित लिहा. किती अंतराने, यासाठी यंग यांचं १९७४ मधलं सूत्र आजही उपयोगी पडतं: चेकपॉइंटला लागणारा वेळ गुणिले खंड पडण्याचा सरासरी काळ, त्याची दुप्पट, आणि तिचं वर्गमूळ. चेकपॉइंटला २ मिनिटं लागतात आणि सरासरी ४०० मिनिटांनी मशीन जातं, तर उत्तर ४० मिनिटं. घट्ट जोडलेल्या एमपीआय जॉबमध्ये एक नोड गेला की सगळा जॉब जातो, त्यामुळे नोड वाढले की हे अंतर कमी करावं लागतं. एकमेकांशी न बोलणाऱ्या हजारो स्वतंत्र टास्कसाठी मात्र स्पॉटसारखी दुसरी चांगली सोय नाही.

कुठे थांबायचं

उत्तर बदलत असेल तर वेगाचा विषय तिथेच थांबवा. रँक बदलल्यावर शेवटच्या एक-दोन अंकांत फरक पडणं स्वाभाविक आहे, कारण दशांश बेरजेत क्रमाला महत्त्व असतं: ०.१ आणि ०.२ ची बेरीज आधी केली तर ०.३ मिळवल्यावर ०.६००००००००००००००१ येतं, ०.२ आणि ०.३ आधी जोडले तर ०.६. पण तिसऱ्या-चौथ्या अंकात फरक असेल, किंवा त्याच रँकवर तोच जॉब दर वेळी वेगळं उत्तर देत असेल, तर थ्रेडमधली रेस कंडिशन (कोण आधी पोचतं त्यावर उत्तर ठरण्याची चूक) किंवा खराब मेमरी असू शकते. कोड लिहिणाऱ्यांना कळवा. तोवरचे निकाल वापरू नका.

बायोस, कर्नलची पॅरामीटर, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांना सामायिक क्लस्टरवर स्वतः हात लावू नका. तिथे इतरांचेही जॉब चालू असतात, ते काम प्रशासकांचंच. ठरावीक एकच नोड दर वेळी हळू निघत असेल, डीमेसेजमध्ये हार्डवेअरच्या चुका येत असतील, किंवा ओएसयूचे आकडे जाहीर केलेल्या क्षमतेच्या जवळपासही नसतील, तर क्लाउड पुरवठादाराकडे किंवा क्लस्टरच्या मदत-कक्षाकडे जा. एका नोडवरचं सगळं ठीक, नेटवर्क ठीक, वाटणी ठीक, तरी आलेख ॲमडालच्या रेषेच्या बराच खाली, अशी स्थिती असेल तर कामगिरी-अभियंता बोलवा. त्या टप्प्यावर अल्गोरिदमच बदलावा लागतो आणि ते काम एका संध्याकाळचं नसतं. दरम्यान जॉबला वेळेची मर्यादा आणि खात्याला खर्चाचा इशारा लावून ठेवा.

मदत मागताना 'जॉब हळू चालतो' एवढंच लिहू नका. सोबत या गोष्टी जोडा: १ ते १६ कोअरच्या वेळा, तीन-तीन मापांसह. एलएससीपीयूचं पूर्ण आउटपुट, रिपोर्ट-बाइंडिंग्जचा मजकूर आणि अख्खी जॉब स्क्रिप्ट. एमपीआय, कंपायलर आणि लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या. आउटपुट बंद ठेवून घेतलेली वेळ, दोन नोडवरची लेटन्सी आणि दुसऱ्या माणसाला चालवून बघता येईल असा तो छोटा नमुना.